मिस्त्रीनबाईची भट्टी

गोंदियाकडच्या कामठ्यात खुशाल दोनोडेला खुशाल म्हणून हाक मारणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. बाकी सगळ्यांचा तो मिस्त्री. पंपाची मोटार जळाली की ती त्याच्या ओसरीत नेऊन टाकायची आणि त्याचा निरोप आला की परत आणायची, हे तीस वर्षं चालू आहे. मोटार सुरू करून तो डोळे मिटतो, मान जराशी कलती करतो आणि सांगतो, "बेरिंग नाई गेली. आतला पंखा घासून राहिला." उघडून बघावं तर तसंच निघतं. घरची अडीच एकर धानाची जमीन आहे, पण कुणी शेतकरी म्हटलेलं त्याला आवडत नाही. ओसरीच्या भिंतीवर त्याने स्वतःच निळ्या रंगात 'खुशाल मिस्त्री' असं लिहिलं आहे.

त्याची बायको रुख्मा. रोवणी, निंदण, दोन गाई, सासूचं दुखणंखुपणं, मुलीचं लग्न, सगळं तिने ओढलं. तिचा मातीत हात चांगला. तिने घातलेली चूल तडकत नाही आणि धूर घरात कोंडत नाही, म्हणून गावात लग्न निघालं की मोठ्या चुली घालायला तिला बोलावणं येई. जेवणं झाली की लोक आचाऱ्याचं कौतुक करत. चुलीचं कोण करतो?

पुढचं सगळं मला खुशालनेच सांगितलं. माझ्या पंपाची जळालेली मोटार नवी तार भरायला दिली होती आणि मी त्याच्या ओसरीत बसून होतो. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता तो बोलत गेला, वर न बघता. मी काही विचारलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मुर्रीच्या रस्त्यावरच्या एका लहान राईस मिलचा मालक, मुन्नालाल लिल्हारे, मोटरसायकलवर थैली बांधून आला. थैलीत ॲल्युमिनियमच्या पुलीचे तीन तुकडे होते. मशीन जुनी, बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली, गोंदियाच्या बाजारात तशी पुली मिळत नव्हती.

"मिस्त्री, कुछ जुगाड करो. सीझन तोंडावर आला आन मशीन उभी हाये."

खुशाल जवानीत दोन महिने नागपूरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात होता. तिथे तो झाडू मारायचा, पण हे त्याने गावात कुणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "ठेवून जा. भंगार वितळवून नवी ओततो."

घरामागच्या बाडीत त्याने लोखंडी पिंप अर्ध्यातून कापलं, आतून विटा आणि सिमेंट लावलं, खालून पाईप घालून लोहाराकडचा जुना पंखा जोडला. एका जाड पाईपला बूड वेल्डिंग करून वितळवायचं भांडं केलं. कोळसा पेटला, पंखा घुमला आणि अर्ध्या तासात सिमेंटचं अस्तर बंदुकीसारखं फुटलं. दुसऱ्यांदा लावलं, दुसऱ्यांदा फुटलं. तिसऱ्यांदा कसंबसं भंगार पातळ झालं, पण ओतलेली पुली निघाली ती अनारशासारखी जाळीदार. हातानेच मोडली.

रुख्मा गोठ्याच्या दारातून तीन दिवस हे बघत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "अजी, एक सांगू का? चुलीले सिमेंट कोनी लावते का?"

"ही चूल नोहे, भट्टी होय."

"आगच हाये ना आत?"

तो चिडून पारावर निघून गेला. परत आला तेव्हा तिने पिंपातलं सगळं सिमेंट खरवडून काढलं होतं. वारुळाची माती, मिलमधली धानाच्या तुसाची पांढरी राखड आणि थोडा कोंडा पायाने मळून तिने बोटभर जाडीचे थर दिले. एक थर सावलीत वाळला की दुसरा. घाई नाही. आठ दिवसांनी आत शेणीचा मंद जाळ केला, दुसऱ्या दिवशी जरा मोठा. मग कोळसा भरला.

अस्तराला केसाएवढीही चीर गेली नाही. फुटके कुकर, मोटरसायकलचे पिस्टन, मोटारींची झाकणं, बूड गेलेली जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, गंजं, असं त्याच्या ओसरीतलं भंगार त्या भांड्यात हळूहळू खाली बसलं आणि दुधासारखं चकाकायला लागलं. वर साय धरली. रुख्माने लांब दांड्याच्या झाऱ्याने ती साय काढली, दुधावरची काढावी तशी, खालचं न ढवळता. खुशाल म्हणाला, "ओततो आता." ती म्हणाली, "थांबा. भिंत अजून पिकली नाई." भट्टीची आतली भिंत पिकल्या टेंभराच्या नारिंगी रंगाला आली तेव्हा तिने मान हलवली.

वाळूही तिनेच भिजवली होती. पांगोली नदीची बारीक वाळू, त्यात चिमूटभर चिकणमाती, पाण्याचा नुसता हात. मुठीत दाबली की लाडू व्हावा, मोडला की दोन तुकडे स्वच्छ व्हावेत आणि तळहात कोरडा राहावा. तुटलेली पुली चिकटवून तिचाच ठसा त्या वाळूत घेतला होता. लाकडाच्या दोन चौकटी, एकीवर एक. त्या दिवशी ओतलं खुशालने. पुली निघाली ती भरीव, वाजवली तर खणकन वाजणारी.

गोंदियाहून लेथवर कातून आणली आणि मुन्नालालच्या मशीनला बसवली. मिल चालू झाली. मुन्नालालने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, तुमी त कमाल केली गा!"

खुशाल हसला. रुख्माचं नाव त्याने घेतलं नाही. "तेव्हा मले त्यात काई वावगंबी वाटलं नाई," तो मला म्हणाला. "घरची भट्टी, घरचं भंगार, घरची बायको. नाव एकाचंच रायते."

दुसऱ्या पुलीच्या वेळी मुन्नालाल सांगून न येता आला आणि सरळ बाडीत शिरला. रुख्मा ओतत होती. अंगावर गोणपाट बांधलेलं, पायात खुशालचे जुने बूट, डोळ्यांवर त्याचा वेल्डिंगचा चष्मा. चिमट्यातलं भांडं तिने वाकवलं आणि धार बोटाएवढी, न तुटता, न थरथरता साच्याच्या तोंडात गेली. खुशाल बाजूला चौकट दाबून उकिडवा बसला होता.

मुन्नालाल बघतच राहिला. "अरे बाप रे, भाभीजी! म्हंजे कारीगर तुमी हाव, आन हे मिस्त्री नुसते चौकटीवर बसून रायतेत!"

मुन्नालालने ते गमतीत म्हटलं. रुख्मा पदराने तोंड झाकून हसली. खुशालही हसला. पण रात्री तो ताट अर्धं टाकून उठला.

मुन्नालालचं तोंड म्हणजे मिलचा भोंगा. महिन्याभरात मिलवाले, मळणीयंत्रवाले, दूरदूरचे पंपवाले यायला लागले. कुणाला पुली हवी, कुणाला पंपाचा पंखा, कुणाला हँडल. रस्त्यावर मोटरसायकल थांबे आणि माणूस ओसरीत बसलेल्या खुशालला विचारे, "मिस्त्रीनबाई हायेत का घरी?"

मिस्त्रीनबाई. तीस वर्षांत त्याने कमावलेला शब्द लोकांनी असा शेपूट लावून तिला देऊन टाकला होता.

त्याची मोटारींची कामं काही कमी झाली नव्हती. नुकसान म्हणावं तर कसलंच नव्हतं. तरी त्याला डाचे ते एकच. लोक भट्टीकडे जाताना त्याच्या ओसरीतून जात, आणि उघडलेल्या मोटारीकडे एकाचीही नजर वळत नसे. तो मुद्दाम मोटार सुरू करून कान लावी, मोठ्याने निदान सांगे. बाडीतून रुख्माचा आणि गिऱ्हाइकाचा हसण्याचा आवाज येई. ती गिऱ्हाइकाला काय सांगून राहिली असेल, तो काय म्हणत असेल, याकडेच त्याचा कान लागलेला.

मग तो बारीक बारीक गोष्टी करू लागला. सांगताना त्याने एकही लपवली नाही. तिचा फोन ओसरीत वाजला की तो उचले आणि सांगे, "ते घरी नाई," आणि ती मागे शेणी थापत असे. तिचा झारा तो वापरून भलतीकडे ठेवे. गिऱ्हाईक समोर असलं की मध्येच म्हणे, "रुख्मा, चहा मांड," आणि ती हात धुवून चुलीशी गेली की स्वतः भट्टीबद्दल बोलू लागे. ती चहा घेऊन आली की माणूस त्याचं बोलणं अर्ध्यावर सोडून तिच्याकडे वळे.

एकदा ती चार दिवस बहिणीकडे आमगावला गेली. पहिल्याच दिवशी त्याने भट्टी पेटवली. माती तीच, वाळू तीच, कोळसा तोच. पुली जाळीदार निघाली. दुसरी अर्धीच भरली. तिसऱ्या वेळी धार साच्याबाहेर गेली. सगळे तुकडे त्याने उकिरड्यात खोल गाडले आणि बाडी झाडून ठेवली. पुढे उन्हाळ्यात खत काढताना रुख्माच्या फावड्याला ते लागले. तिने एकेक तुकडा पुसून बघितला, त्याच्याकडे बघितलं नाही, आणि भंगाराच्या ढिगावर टाकून दिले.

"काई तरी बोलाले पायजे होतं तिनं," खुशाल मला म्हणाला. "हासली असती तरी चाललं असतं. तिनं नुसते वितळवाले टाकून देल्ले."

टिकाराम मेंढे हा ग्रामपंचायतीचा सदस्य. महिला बचत गटाच्या मेळाव्यात रुख्माचा फोटो लावायचा म्हणून तो फोन घेऊन आला. भट्टीपुढे तिला उभं केलं, हातात चिमटा दिला. खुशाल तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, स्वच्छ शर्ट घालून. टिकाराम म्हणाला, "मिस्त्री, जराक बाजूले व्हा ना गा. तुमची सावली वहिनीच्या तोंडावर येऊन राहिली."

तो बाजूला झाला. त्या फोटोत त्याच्या बुटाचं टोक तेवढं आलं आहे.

मागच्या वर्षी कार्तिकात धानकापणी जोरात होती. मुन्नालालला मोठी पुली हवी होती, आतापर्यंतची सगळ्यात मोठी, आणि ती ओतताना स्वतः हजर राहायचं होतं. रुख्माने आदल्या दिवशी सांजेला साचा दाबला, मुठीत वाळूचा लाडू करून मोडला, तळहात बघितला आणि चौकटीवर गोणपाटाची बोरी झाकून ती उठली.

सकाळी ती गाईचं दूध काढत असताना खुशाल बाडीत गेला. छपरीत साच्याच्या वर फळीवर पिण्याच्या पाण्याचं मडकं असे. त्याला रात्रीतून चीर गेली होती. पाणी फळीवरून पाझरून बोरीवर उतरलं होतं. त्याने बोरी उचलली. वाळू एका बाजूने काळपट ओली झाली होती. बोट लावलं तर बोटाला लागली.

तो खाली बसला. पहिल्यांदा त्याच्या तोंडात आलं ते "रुख्मा!" असंच. हाक ओठापर्यंत आली होती. तेवढ्यात रस्त्यावर मुन्नालालच्या चारचाकी गाडीचा आवाज आला आणि मागोमाग त्याचा, "भाभीजी, आलो बाप्पा मी!" त्या आवाजाने खुशालच्या तोंडातली हाक परत आत गेली.

त्याच्या मनात आलं, होऊ दे एक खराब. मुन्नालालच्या डोळ्यांदेखत तिचीही जाळीदार निघू दे. कळू दे सगळ्यांना की चुकते तीपण.

त्याने मडकं उचललं आणि गोठ्यामागे नेऊन ओतून टाकलं. फळी पुसली. बोरीची ओली बाजू खाली केली आणि होती तशी झाकून ठेवली.

मी त्याला विचारलं, "ओल्या वाळूत ओतलं तर उडते, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याने तारेचा एक वेढा उलगडून पुन्हा घातला. मग म्हणाला, "मालूम होतं. नागपूरले एकाचा डोरा गेला होता. मालूम होतं, पर तेव्हा मी फकत पुलीचाच इचार केलो. बाकीचा मनात येऊच देल्लो नाई."

भट्टी पेटली. भिंत पिकली. मुन्नालाल बाजेवर बसून चहा पीत होता. रुख्माने साय काढली, चिमटा धरला. बोरी खुशालनेच ओढून घेतली, ओली बाजू आपल्याकडे करून; भट्टीच्या धगीने वरची वाळू तोवर सुकल्यासारखी दिसत होती. तिने वाकून साच्याच्या तोंडात धार सोडली.

आधी आतून गुरगुर आली, उकळत्या डाळीसारखी. रुख्माने मान वर केली. "अजी, हे काय..." एवढंच ती बोलली आणि साचा फुटला. वितळलेलं ॲल्युमिनियम थाळीएवढं वर उसळून चहूकडे उडालं. तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत, मानेची एक बाजू आणि बुटाच्या वरची नडगी भाजली. चष्म्याच्या काचेवर मधोमध रुपयाएवढा थेंब चिकटून थिजला होता. चष्मा नसता तर डोळा गेला असता.

ती ओरडली नाही. तिने भांडं आधी नीट खाली ठेवलं, मग खाली बसली. ओरडला तो खुशाल. मुन्नालालने हौदातलं पाणी बादल्यांनी तिच्या हातावर ओतलं, ओतत राहिला, आणि मग तिला गाडीत घालून त्यांनी गोंदियाला सरकारी दवाखान्यात नेलं.

अकरा दिवस ती तिथे होती. भेटायला येणारं प्रत्येक माणूस विचारी, कसं झालं? रुख्मा म्हणे, "वाळूत पानी जास्त झालं असन. माया हात चुकला."

आणि लोक माना डोलावत. टिकाराम म्हणाला, "वहिनी, आगीचं काम हे. बाईमानसाचं नोहे ते." मुन्नालाल बाहेर व्हरांड्यात खुशालला म्हणाला, "गलती हो गयी भाभीजी से. मोठी पुली होती ना, जमली नाई. आता तुमीच पाहा काम, मिस्त्री."

ते ऐकून खुशालला आत कुठेतरी बरं वाटलं. हे त्याने मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. "बरं वाटलं, गुरुजी. बायको आत पट्ट्या बांधून पडली होती आन मले बरं वाटलं. दोन घटका असन. मंग मले वकारी आली. मी दवाखान्याच्या मोरीत जाऊन वकलो."

घरी आणल्यावर त्याने तिचं सगळं केलं. गाई धुतल्या, स्वयंपाक केला, तिच्या वेण्या घातल्या. शेजारणी म्हणू लागल्या, नवरा असावा तर असा. रुख्मा मात्र गप्प झाली होती. एक दिवस तो पाणी घेऊन आत गेला तर ती परातीपुढे बसलेली. उजव्या हाताने कणीक मुठीत दाबत होती, उघडत होती, तळहात डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. पुन्हा दाबत होती.

"काय करून राहिली वो?"

"काई नाई." मग परात बाजूला सारून म्हणाली, "मी पायली होती सांजेले. हात कोरडा होता माया. मले साफ आठवते. मंग चुकली कशी मी? आता भाकरीच्या पिठात पानी टाकतानाबी भेव वाटते. जास्त झालं का, कमी झालं का, काईच समजत नाई."

तो तसाच बाहेर आला.

दोन दिवसांनी दुपारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "अजी, ते भट्टी फोडून टाका. जागा साफ करून द्या, मी वांगे लावतो म्हंतो."

त्याने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली. बाडीत गेला. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली, पट्टीचा हात मांडीवर घेऊन. त्याने सब्बल उचलली आणि भट्टीच्या काठावर टेकवली. मारवेना. माती पायाने मळणारी रुख्मा, सावलीत थर वाळवणारी रुख्मा त्याला दिसत होती. त्याने सब्बल टाकून दिली.

"तू नाई चुकली," तो म्हणाला.

"मंग कोन चुकलं?"

"मडकं झिरपून राहिलं होतं. बोरी वल्ली झाली होती. मी पायलो होतो सकारी."

रुख्माने छपरीतल्या फळीकडे बघितलं. "मडकं त तठी नव्हतं."

"मीच उचललो. गोठ्यामागं नेलो. बोरी पालटून झाकलो."

कोंबड्या उकरत होत्या. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मग तिने विचारलं,

"काऊन?"

"लोक तुलेच पुसत जी," तो म्हणाला. तिला त्याने आयुष्यात पहिल्यांदाच 'जी' म्हटलं असेल. "माया वसरीत येत आन तुलेच पुसत. मले वाटलं, एक पुली खराब होईन. एवढंच."

रडेल, शिव्या देईल, काही फेकून मारेल असं त्याला वाटत होतं. तिने उजवा हात वर केला, मूठ वळली, उघडली आणि तळहाताकडे बघितलं.

"म्हंजे माया हात बराबर होता."

"बराबर होता."

"महिना झाला. मी महिनाभर ह्या हाताले शिव्या देऊन राहिली." तिचा आवाज चढला तो इथे. "जळलं ते भरून येईन. पर तुमी मले येडी करून सोडलं असतं! पीठ मळाले भेत होती मी, आन तुमी पायत होते!"

तो तिच्या पायाशी बसायला वाकला. ती मागे सरकली. "माया पाया नोका पडू. मले कायले सांगता? मले त आता मालूम झालं. मुन्नालालभाऊले सांगा. टिकारामले सांगा. ज्यायले ज्यायले मी 'माया हात चुकला' म्हनली, त्या सगळ्यायले सांगून या. मंग घरात या."

मुन्नालालच्या मिलमध्ये त्या वेळी आठ-दहा माणसं धान घेऊन बसली होती. खुशालने मुन्नालालला बाजूला बोलावलं नाही. दारात उभं राहून सांगितलं. मडकं, बोरी, सगळं. मशीनच्या आवाजात अर्धं ऐकू गेलं नाही, म्हणून मुन्नालालने मशीन बंद करायला लावली आणि म्हणाला, "फिरसे बोलो." त्याला पुन्हा सगळं सांगावं लागलं, शांततेत.

मुन्नालालने शिवी दिली नाही. तो म्हणाला, "मीबी तठीच बसलो होतो, मिस्त्री. चार हातावर. मले बायको-पोरं नाई का?" आणि मशीन सुरू करायला सांगून पाठ फिरवली.

टिकारामकडे जायच्या आधीच गोष्ट तिथे पोचली होती. पारावर तो गेला तेव्हा लोकांनी जागा दिली, पण बोलणं थांबलं. त्या हंगामात त्याच्या ओसरीत मोटारी कमी आल्या. ज्या आल्या त्यांचे मालक उभ्याउभ्याच बोलून गेले. भिंतीवरच्या नावाखाली कुणीतरी कोळशाने एक घाण शब्द लिहिला होता. त्याने तो पुसला नाही. रुख्माने पुसला.

माहेरी जा, असं तिला तिच्या भावाने सांगितलं होतं. ती गेली नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि खुशालला विचारायची सोय राहिली नव्हती. दोन महिने ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. संक्रांत झाल्यावर एक दिवस त्याला पंख्याचा आवाज आला. तो बाडीच्या दारापर्यंत गेला. तिने नवी वाळू चाळली होती. डाव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून चिमट्याच्या दांड्याला तिने चिंधी गुंडाळली होती.

"मी धरू का?" त्याने विचारलं.

"तुमी वसरीतच बसा," ती म्हणाली. "मी ओतत असली का बाडीत यायचं नाई."

तो नियम अजून तसाच आहे. जड चौकटी उचलायला तिची आमगावची बहीण येऊन राहते. मुन्नालाल पुन्हा येतो, ओसरीतून न जाता बाडीच्या मागच्या फाटकाने. टिकारामनेही येऊन तिची माफी मागितली, खुशालच्या देखत.

माझी मोटार भरून झाली तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "आता नाही ना तसं वाटत?"

"वाटते गा," तो म्हणाला. "खोटं काऊन बोलू? कोनी तिले पुसत आलं का अठी टोचते." त्याने छातीवर बोट ठेवलं. "पहिले वाटे, हे तिच्यामुळं होऊन राहिलं. आता मालूम हाये, माया आतलंच हाये. जाईन का नाई, मालूम नाई."

तेवढ्यात बालाघाटकडची गाडी दारात थांबली. कुणी अनोळखी माणूस हातात फुटलेला पंपाचा पंखा घेऊन उतरला आणि ओसरीत येऊन म्हणाला, "मिस्त्रीनबाई का घर यही है?"

मोटारीचे बोल्ट आवळणारा खुशालचा हात थांबला. त्याने पान्हा खाली ठेवला, उठून बाजेवरची धूळ झटकली. "यही है. बैठो, बुलाता हूं," म्हणाला आणि आतल्या दाराशी जाऊन हाक मारली, "रुख्मा, तुले भेटाले आले वो."

ती हात पुसत बाहेर आली. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गुलाबी, सुरकुतलेली. माणसाने पंखा तिच्या हातात देताना ती बघितली आणि म्हणाला, "ये क्या हुआ बाई?"

"जल गयी थी," ती म्हणाली. खुशालकडे तिने बघितलं नाही. फुटलेला पंखा उजेडाकडे धरून ती त्याची पाती मोजू लागली, आणि खुशाल पाहुण्यासाठी पाणी आणायला आत गेला.